न विचारण्याचा धंदा

चिखलीत माझी समुपदेशनाची खोली खत-बियाण्यांच्या दुकानावर आहे. पुण्यात शिकत होते तेव्हा सांगितलं होतं, की खोलीत शांतता हवी, मंद उजेड हवा, एखादं रोप हवं. रोप मी आणलं. युरियाचा वास आणि ट्रॅक्टरचे हॉर्न खालून फुकट मिळतात. माझ्या पद्धतीला मोठं इंग्रजी नाव आहे, पण अर्थ एवढाच, की आघात झालेल्या माणसाची खपली त्याच्या परवानगीवाचून काढायची नाही. काय झालं ते खोदून विचारायचं नाही. त्याला वाटेल तेव्हा, वाटेल तेवढं तो सांगेल. शेजारणीच्या पिशवीत कोणती भाजी आहे हे विचारल्याशिवाय जिथे कुणी पुढे सरकत नाही, तिथे मी हा न विचारण्याचा धंदा मांडला. माझ्या अकलेची कल्पना यावरून येईल.

थंडी सरता सरता एक कुटुंब जीप करून आलं. सून, तिचा नवरा, सासू, चुलतसासरे आणि जीपमध्ये जागा होती म्हणून बसलेले आणखी दोघे. पेशंट म्हणजे सून. तक्रार अशी, की ती बोलत नाही. दिवाळीआधी सोयाबीन काढताना मळणीयंत्रात नणंदेची ओढणी अडकली आणि नणंद गेली. सासूची एकुलती लेक. शेजारी सून उभी होती. हे सगळं मला जिन्यातच कळलं, कारण सासूबाईंनी खालच्या पायरीपासूनच सुरुवात केली होती.

आमच्याकडे मयतीच्या घरी भेटीला आलेल्याला चहा नाही मिळाला तरी चालतो, हकिगत मात्र पहिल्यापासून मिळाली पाहिजे. मोताळ्याकडचे पाहुणे डोळे पुसून उठतात, तोवर मलकापूरचे येऊन टेकतात आणि पुन्हा "कसं झालं व बाई?" डोळ्यांनी पाहिलेली ही एकटीच, तेव्हा सांगायचं हिनेच. तेरवीपर्यंत तिने सांगितलं. सांत्वनही भरपूर मिळालं. एक म्हणाली, यंत्र बंद काऊन नाही केलं? दुसरी म्हणाली, तिले ओढणी खोसाले सांगाव नं. मग एके दिवशी सुनेने बोलण्याचं दुकानच बंद केलं. तेव्हापासून पाहुण्यांना सासू सांगते आणि सून शेजारी बसून ऐकते.

ताईत झाला, देवऋषी झाला, डोक्याचा डॉक्टर झाला, उरले ती मी. चुलतसासऱ्यांनी दारातच उभ्या उभ्या निकाल सांगितला, नवरा त्यांच्या मागे. "आज बोलली तं ठीक. नाही तं इथूनच हिले माहेरी सोडून देतो. पोरगी राहीन आमच्यापाशी."

पोरगी चार वर्षांची. आईची वाचा गेली म्हणून तिचं लेकरू काढून घ्यायचं, हा इलाज माझ्या एकाही पुस्तकात नाही. आमच्या विद्यापीठाचा अभ्यासक्रम मागासलेला असावा. सून खाली बघत होती, पण 'पोरगी' म्हटल्याबरोबर तिने पदर मुठीत आवळला. मला राग आला. भयंकर आला. तो गिळून मी चेहऱ्यावर प्रमाणपत्राला शोभेल अशी शांतता आणली.

मी सुनेला विचारलं, कुठे बसायचंय? दार उघडं ठेवायचं की लावायचं? आत कोण थांबलेलं चालेल?

"तिले काय इचारता?" चुलतसासरे म्हणाले.

ती उठली आणि तिने त्यांच्या तोंडावर दार लावलं. एव्हाना सासूबाई सगळ्यात चांगली खुर्ची पटकावून बसल्या होत्या. त्यांना बाहेर काढायला मी टपलेच होते, पण निवड तिची, म्हणून बोट दाखवून विचारलं. सुनेने मान हलवली, राहू द्या. माझा मोठा विरस झाला.

"काय झालं ते मी विचारणार नाही," मी तिला म्हटलं. "बोललंच पाहिजे असंही नाही. नकोसं वाटलं की हात वर कर. सगळं थांबेल."

"इचारत काऊन नाही?" सासू म्हणाली. "मंग आम्ही एवढ्या दुरून कायले आलो?"

मी विचारत नाही म्हटल्यावर त्यांनी ते काम आपल्याकडे घेतलं. "सकायची येळ होती मॅडम. माह्या लेकीनं न्याहारी बी केली नव्हती..." आवाजात कंप नाही, डोळ्यांत पाणी नाही. रोजची आरती म्हणावी तसं चाललं होतं. मी थांबवणार, तोच यंत्र सुरू झालं इथपर्यंत त्या आल्या आणि सुनेचा हात वर गेला. माझ्याकडे नाही. सासूच्या समोर.

सासूसमोर हात करणं म्हणजे काय, हे आमच्या भागात शिकवावं लागत नाही. आता तमाशा होणार म्हणून मी सरसावून बसले. पण सासू थांबली. तो हात बघत राहिली.

"मी तिथं नव्हती," ती मला म्हणाली. "घरी भाकरी करून राह्यली होती. मले पाह्याले बी भेटलं नाही. माह्यापाशी निस्तं सांगणं हाय. आता मी कोणाले सांगू?"

सून आहे म्हटल्यावर सासू खलनायिका, इतकं सोपं गणित मी जिन्यातच सोडवून ठेवलं होतं.

"मले नका सांगू, मामी." आवाज खरखरीत, कितीतरी दिवस न वापरलेला. सासूला ती मामी म्हणते. "म्या पाह्यलं."

मग सासू रडली. हकिगतीवाचून, नुसतीच. सुनेने तिचा हात धरला. पद्धतीप्रमाणे मी काहीच केलं नाही. त्यात मी निष्णात आहे. रडणं ओसरल्यावर सासूला म्हटलं, "गुरुवारी या. एकट्या. मला सांगा, पाहिजे तितक्यांदा."

दोघी उतरल्या तेव्हा मी खिडकीशी उभी होते. खाली जीपभोवती सगळे कान टवकारून थांबले होते. खताच्या दुकानातलं गिऱ्हाईकसुद्धा बाहेर आलं होतं.

"बोलली का?" चुलतसासऱ्यांनी विचारलं.

"बोलली."

"काय बोलली?"

सासूने सुनेला आधी जीपमध्ये चढवलं, मग स्वतः तिच्या शेजारी बसली.

"तुमाले काय करायचं?" ती म्हणाली. "घरी चाला. पोरगी वाट पाहून राह्यली."