कुमुदताई डोंगर चढते

दुपारच्या जेवणाची ताटं वॉर्डातून परत गेली आहेत आणि नलिनीचे डोळे मिटायला लागले आहेत. लेकीच्या खाटेशेजारी स्टुलावर ती बसली आहे. मान एकदा खाली जाते, दचकून वर येते, पुन्हा जाते. पंख्याची घरघर जवळ येते, लांब जाते. समोर रेवती निजलेली आहे, उजवा पाय सरळ ठेवून. संध्याकाळपर्यंत तो वाकवायचा नाही, अशी सिस्टरची ताकीद आहे.

चौदा वर्षांच्या रेवतीच्या हृदयातली एक झडप आखडली होती. लहानपणी घसा धरला, ताप आला, मग गुडघा सुजला, तो उतरला तर घोटा सुजला. आणि हा ताप सांध्यांना शिवून हृदयात जाऊन बसला. आज सकाळी मिरजेच्या या इस्पितळात डॉक्टरांनी तिच्या मांडीच्या शिरेतून बारीक नळी आत नेली, नळीच्या टोकाचा फुगा झडपेत फुगवला आणि झडप मोकळी झाली. छातीला हातसुद्धा लावावा लागला नाही. डॉक्टर बाहेर येऊन "छान झालं" म्हणाले, तेव्हा नलिनीला रडायचंही सुचलं नाही.

एकच काळजी उरली आहे. जरा हुशारी आल्याबरोबर रेवतीनं जाहीर करून टाकलं, "झडप उघडली ना? मग आता ते इंजेक्शन बंद." दर तीन आठवड्यांनी कमरेत घ्यायचं पेनिसिलिन. सुई जाड, औषध घट्ट, दोन दिवस धड बसता येत नाही. पण ते अजून कित्येक वर्षं चुकवायचं नाही. तो ताप उलटला तर झडप पुन्हा बिघडेल, असं डॉक्टरांनी बजावलं आहे. पोरीची समजूत कशी घालावी, या विचारातच नलिनीला डुलकी लागते.

"नले, सरक की जरा."

नलिनी सरकते. स्टूल लांब होत जातं, त्याचा बाक होतो, माहेरच्या भोसे गावातल्या शाळेच्या व्हरांड्यातला. शेजारी कुमुदताई येऊन बसते. तिची थोरली बहीण, तेराव्या वर्षी गेलेली. निळा स्कर्ट, पांढरा शर्ट, तेल चोपडून घातलेल्या दोन घट्ट वेण्या. नलिनीला नवल वाटत नाही. इतकी वर्षं ही होती कुठं, एवढंच मनात येतं, आणि तेही लगेच विरतं.

"किती म्हातारी झालीस गं!" कुमुद तिच्या कानामागचे पांढरे केस बोटानं उचलून बघते.

"पंचेचाळीस म्हणजे म्हातारी?"

"आई तर याहून लहान होती, मी होते तेव्हा." कुमुद व्हरांड्याच्या टोकाकडे मान वळवते. तिथं रेवतीची खाट आहे, सलाइनच्या स्टँडसकट. "ती तुझी? तिला काय केलं?"

नलिनी नळीची आणि फुग्याची गोष्ट सांगते. कुमुद तोंडावर हात घेऊन हसत सुटते. "फुगा! जत्रेतला?"

"तसलाच म्हण. आत नेऊन फुगवतात."

"फुटला असता तर?"

"ताई, नको ना असं बोलू."

"बरं बाई. चल, वर जाऊ."

वर म्हणजे कुठं, हे विचारावं लागत नाही. बाकासमोरच दंडोबाच्या डोंगराची वाट सुरू झाली आहे. श्रावणातल्या सोमवारी सगळं गाव ही वाट चढायचं आणि कुमुद पायथ्याशी सगळ्यांच्या चपला राखत बसायची. चार पावलं टाकली की तिचे ओठ निळसर पडत. त्याच्याही आधी तिचे हात आपोआप उडायला लागले होते; कळशी पडायची, भाकरी हातून सुटायची. मुद्दाम करते म्हणून आईनं दोन धपाटे घातले होते. हे हात उडणंसुद्धा त्याच तापाचं, असं सांगलीच्या डॉक्टरांनी सांगितलं, तोवर फार उशीर झाला होता.

आज कुमुद पुढं आहे. धावत वळण गाठते, मागं बघते, पुन्हा धावते. धापा टाकते आहे ती नलिनी.

"दम लागला? बस थोडी," कुमुद म्हणते, अगदी मोठ्या माणसांच्या सुरात. "हे मला सगळे म्हणायचे. मलाही कुणाला तरी म्हणून बघायचं होतं एकदा."

दोघी हसत सुटतात. हसता हसता डोंगराचा माथा येतो, किंवा दोघी माथ्यावरच असतात. देवळाशेजारी इस्पितळातला पाण्याचा फिल्टर उभा आहे. कुमुद तांब्या काठोकाठ भरून घेते आणि नलिनीच्या ओंजळीत धार धरते. हात जराही हलत नाही. बाहेर एक थेंब उडत नाही. नलिनी पाणी प्यायचं विसरून त्या हातांकडेच बघत राहते.

"तुझ्या पोरीला ठाऊक आहे का गं मी?" कुमुद विचारते.

"फोटो बघितलाय तिनं. लहानपणी गेली, एवढंच सांगितलंय. तिलाही तोच आजार म्हटल्यावर पुढचं सांगायची छाती झाली नाही. घाबरली असती."

"मला घाबरायला मी काय भूत आहे?" म्हणते आणि स्वतःच थबकते. "म्हणजे आहे. पण तिची मावशीपण आहे की. सांग तिला. मी चिंचा कशा पाडायचे ते सांग, गुरुजींची नक्कल करायचे ते सांग. आणि बाकीचंही सांग. तिला औषध मिळतंय, माझ्या वेळी ते कुणाला ठाऊकच नव्हतं. रडत का होईना, घे म्हणावं."

"ताई, तुला फार दुखायचं का गं?"

"आत्ताचं बघ ना." कुमुद तिचा हात ओढून स्वतःच्या छातीवर शर्टाच्या गुंड्यांवर घट्ट दाबून धरते. नलिनी डोळे मिटून घेते. आत धडधड नाही, फडफड नाही. संथ, भरल्या पोटी झोपलेल्या माणसासारखे ठोके. एकामागून एक.

"आई! झोपेत हसतेस काय?"

चहाची किटली वाजते आहे. वॉर्डाच्या खिडकीतून ऊन खाटेच्या पायथ्यापर्यंत आलं आहे. रेवती उशीवर मान वळवून तिच्याकडे बघते आहे. ओठ गुलाबी आहेत.

"ताई, ताई म्हणत होतीस. कोण ताई?"

नलिनी पदरानं तोंड पुसते आणि सांगायला लागते. आधी चिंचा, मग गुरुजींची नक्कल, आणि मग पायथ्याच्या चपला, सुटणारी कळशी, सगळंच.

सगळं ऐकून रेवती विचारते, "तिला इंजेक्शन मिळालं असतं तर?"

"तर आत्ता माझ्याऐवजी तीच इथं बसली असती, तुझे लाड करत."

रेवती छताकडे बघत राहते. "पुढचं कधी आहे?"

"डॉक्टर सांगतील."

"घेईन. पण रडणार मी. आधीच सांगते."

"रड की. मीही रडते तुझ्याबरोबर."

रेवती हात पुढं करते. नलिनी आपला हात तिच्या हातात देते आणि पोरीच्या कपाळाला आठी पडते. ती आईचा तळवा उलटा करून उजेडात धरते. "हे कशाचं गं?"

तळव्याच्या मधोमध गोल, लालसर वळ उठला आहे. आत चार बारीक ठिपके, शर्टाच्या गुंडीला असतात तसे. नलिनीच्या अंगावर साडी आहे, ब्लाऊजला हूक. रेवतीच्या इस्पितळी झग्याला पाठीमागं नुसत्या नाड्या.

रेवती त्या वळावर आपला अंगठा टेकवते, आणि चहा येईपर्यंत दोघी तशाच बसून राहतात.