मामांचा काडतूसपट्टा

उभ्या जन्मात बंदुकीला हात न लावता लढाईची एवढी जय्यत तयारी ठेवणारा माणूस अख्ख्या खानदेशात आमच्या हिच्या मामांशिवाय दुसरा सापडायचा नाही. पिंप्राळ्यातल्या त्यांच्या दोन खोल्यांत जुन्या फौजांचे चामडी काडतूसपट्टे नि दारूगोळ्याच्या पिशव्या अशा टांगलेल्या, की पाहुण्याने मान वर करून चहा पिण्याची सोय नाही. धुळ्याच्या जुन्या बाजारातून नवा पट्टा आला की मामा आधी त्याचा वास घेणार, मग काडतुसाचं एकेक घर बोटाने चाचपणार, मग एरंडेल चोळत बसणार. कानबाईच्या सणाला देवी घरात बसायची म्हणून मामी हे सगळं चामडं अंगणात खाटेवर काढायला लावत, तेव्हा मामा खाटेशेजारी दिवसभर पहाऱ्याला. मी एकदा वैतागून विचारलंच, अजून किती जमवणार? ते म्हणाले, "मला एकच पाहिजे रे. बाकीचे त्याला शोधता शोधता घरी आले."

तो एक त्यांच्या वडिलांचा. वडील फौजेतून परतले तेव्हा पट्ट्याचं एक घर उसवलं होतं, ते मामांच्या आईने लाल दोऱ्याने शिवलं. पुढे बिऱ्हाड बदलताना पट्टा हरवला. वडिलांचा साधा फोटोही नाही, म्हणून मामांचा जीव त्या लाल टाक्यांत अडकलेला. भिंतीवर मधोमध एक खिळा त्यासाठी मोकळा ठेवलेला असे.

मागे एका पोळ्याला आम्ही एरंडोलजवळच्या एका खेड्यात गेलो होतो. मिरवणुकीत एक बैल समोर आला आणि मामा जागच्या जागी थबकले. बैलाच्या गळ्यात काडतूसपट्टा, घराघरात घुंगरू ओवलेले, आणि एका घरावर विटलेला लाल दोरा. मामा त्या टाक्यांवर बोट ठेवून चक्क रडले हो. बैलाचे मालक आबा. हा पट्टा घालणारा त्यांचा हा तिसरा बैल. त्यांनी सगळं ऐकून घेतलं नि म्हणाले, "भाऊ, आज पोया शे. आज बैलना आंगवरनं काही काढतस नही. पोया व्हई जाऊ दे, मंग लई जा."

दुसऱ्या दिवशी मी स्कूटर काढून उभा, तर मामा जागचे हलेनात. म्हणाले, "राहू दे. तिथे तो वाजतोय."

तेव्हापासून त्यांनी एकही पट्टा आणलेला नाही. पोळ्याला मात्र पुरणपोळी आणि एरंडेलाची बाटली घेऊन जातात, बैलाच्या मानेशी उभे राहून पट्टा पुसतात. यंदा बैल फार थकलेला दिसला. परतताना मामा मागच्या सीटवरून हळूच म्हणाले, "हा गेला, तर आबा दुसरा बैल घेतील ना रे?"

आबांच्या मुलाने ट्रॅक्टर ठरवलाय, हे मला सांगवेना. मी म्हटलं, घेतील की.