तीन सेकंद मागे

दारव्ह्याला बाबा एकटेच राहत. त्यांच्यासाठी मी तिथल्याच गल्लीतल्या सीसीटीव्हीवाल्याकडून चाकांवरचा छोटा रोबो करून घेतला. त्याच्या डोक्यावर वायफायचा इवलासा कॅमेरा. पुण्यात बसून मी तो घरभर फिरवायचो आणि मोबाईलवर बाबांना बघायचो.

हा सीसीटीव्हीवाला कमी बोलायचा. कामात असला की ओठांत स्क्रूच धरलेले असायचे. मी गावी गेलो की तो जोडणी तपासायला यायचा, चपला पार पायरीखाली काढायचा. कॅमेऱ्यापुढे तळहात धरून मोजायचा, "एक, दोन, तीन." तेव्हा कुठे मोबाईलवर हात दिसायचा. "भाऊ, तुमाले दिसते ते तीन सेकंद मांगचं असते," असं दर वेळी सांगायचा, जणू चूक त्याचीच.

त्या सकाळी बाबा फोन उचलेनात. रोबो खाटेपाशी नेला, तर ते भिंतीकडे तोंड करून निजलेले. मी सीसीटीव्हीवाल्याला फोन केला. घराची एक किल्ली त्याच्याकडे असायची. चपलांसकट तो आत आलेला दिसला. बाबांवर वाकला, त्यांच्या नाकाशी बोटं धरली. मग वळून त्यानं कॅमेऱ्यावर तळहात ठेवला.

सवयीनं मी मोजलं. एक, दोन, तीन. पुढेही मोजत राहिलो. त्यानं हात काढला नाही.