फुग्याखालचं पाणी

माजलगावच्या सहकारी सोसायटीत ठिबकचे संच दुरुस्त करणं हे दिलावरचं काम. दोन हजार पंधराच्या दुष्काळात धरण मृतसाठ्यात गेलं, ठिबक बंद पडली आणि दिलावर रिकामा झाला. मग दुपारी तो बंकटकडं जाऊन बसू लागला.

बंकट त्याचा जुना दोस्त. तीन वर्षांपूर्वी उसाच्या ट्रॉलीवरून पडला आणि कमरेखालचं अंग गेलं. तेव्हापासून लघवीला कायमची नळी आणि खाटेला अडकवलेली पिशवी. नळी महिन्यानं बदलायची, पण त्या उन्हाळ्यात ती दहा-बारा दिवसांतच तुंबायची. बंकटचं पोट फुगायचं, तो घामानं निथळायचा आणि त्याची बायको साखराबाई जीप शोधत पळायची.

एकदा दवाखान्यात काढलेली नळी दिलावरनं मागून घेतली, धुतली आणि ब्लेडनं उभी चिरली. आत पांढरा, खरखरीत थर होता.

"वैनी, हा तर बोरच्या पाण्याचा खार दिसतोय," तो म्हणाला. "ठिबकच्या नळीत अस्संच बसतं. आमी ॲसिड सोडून साफ करतो."

"मंग ह्यात बी सोडा की, भाऊ."

दिलावर दचकला. "न्हाई, न्हाई! आत माणूस हाय."

चिरलेली नळी घेऊन तो डॉक्टरांकडं गेला. डॉक्टर म्हणाले, हा बोरचा खार नव्हे. नळीवर जंतू घर करतात, त्यांच्यामुळं लघवीतलेच क्षार गोठतात. पाणी कमी प्यालं की जास्तच. "पेशंट पाणी किती पितो?"

 दिलावरनं बंकटच्या घरी येऊन त्यालाच विचारलं.  बंकट भिंतीकडं तोंड करून म्हणाला, "टँकर आठ दिवसांला येतो बे. अन् पिशवी भरली की हिलाच उठावं लागतं. म्हणून पीत न्हाई."

चुलीपुढं बसलेली साखराबाई उठली. तिनं तांब्या भरून खाटेशी ठेवला.

तरी दिलावरचं समाधान होईना. त्यानं मेडिकलमधून नवी नळी आणली. बूड कापलेली बाटली उलटी धरून तिच्या तोंडात नळी बसवली आणि नळी पोटात अडकून राहावी म्हणून तिच्या टोकाशी असलेला फुगा सिरिंजनं फुगवला. वरून पाणी ओतलं. पाणी नळीतून वाहिलं आणि मध्येच थांबलं. पाणी आत शिरायचं छिद्र फुग्याच्या वर होतं, त्यामुळं फुग्याभोवती दोन बोटं पाणी तसंच राहिलं. म्हणजे बंकटच्या पोटातही असंच राहतं? तेच नासतं का?

दवाखान्यात पुण्याच्या कॉलेजातली एक इंजिनिअर मुलगी नव्या प्रकारच्या नळीसाठी माहिती गोळा करायला आली होती. डॉक्टरांनी दिलावरला बोलावलं, तो बाटली घेऊनच गेला. बाटली बघून ती म्हणाली, "चाचा, आम्हीही इथंच अडकलोय. छिद्र खाली घेतलं तर फुगा कुठं ठेवायचा?"

"फुगा काढून टाका."

"मग नळी निसटते."

दिलावर आठवडाभर झटला. फुग्याऐवजी रबराचे पंख लावले, तर ते वाकायचे. फुगा चपटा केला, तर बाजूनं गळायचं. एक धरलं की दुसरं सुटायचं. अखेर फुग्याखाली दुसरं छिद्र पाडलेली एक नळी त्यानं तिला दिली. ती तपासायला वर्षं लागतील आणि तोवर ती कुणाला घालायची नाही, असं तिनं बजावलं.

त्या हिवाळ्यात बंकटची साधीच नळी पंचवीस दिवस टिकली. दिलावरनं पुण्याला फोन लावला.

"बाई, टिकली. पण कशानं? पाणी जास्त पितो म्हणून, का थंडीनं?"

"नक्की सांगता येत नाही, चाचा. एका माणसावरून कळत नाही."

"मंग किती मानसं लागतील?"

ती आकडा सांगू लागली. दिलावरनं फोन कानाशी धरून खाटेकडं पाहिलं. बंकट पाणी पीत होता.