सूचनेवरची चिठ्ठी

आमच्या विमानतळ कामगार संघटनेच्या फळ्यावर एकच जुनी सूचना आहे : ‘विमानतळांच्या निधीचं विधेयक येत्या पावसाळी अधिवेशनात येईल.’ निधी आला की नवी भरती होईल, आमच्या बारा-बारा तासांच्या ड्यूट्या थांबतील. विधेयक दर वेळी पुढे ढकललं जातं. मग सेक्रेटरी सावंतकाका ‘पावसाळी’वर ‘हिवाळी’ची चिठ्ठी डकवतात, पुढे तिच्यावर आणखी एक. तेवढ्या जागी कागदाला टेंगूळ आलंय. वाट पाहण्यालाही जाडी असते, हे मला ड्यूटीवरून परतताना तिथंच कळलं.

आज ते पुन्हा डिंक घेऊन आले.

“काका, आधीच्या काढा की.”

“राहू दे. एवढी वर्षं काय केलं, ते दिसतं तरी.”

चिठ्ठी लावून त्यांनी डिंकाची बाटली माझ्या हातात दिली. पुढच्या अधिवेशनाआधी ते निवृत्त होतायत.