मावशीचा घसा

माझ्या मावशीचा घसा कामातून गेलाय, असं सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं होतं. ठरवणाऱ्यांत ती स्वतःही होती, याचाच मला जास्त संताप येतो.

मावशी एका ऑडिओ मालिकेसाठी मुलांच्या गोष्टी वाचून रेकॉर्ड करते. मागच्या खोलीत, गाद्या भिंतीला उभ्या करून, पंखा बंद ठेवून, घामाघूम होत. उंदीर, चोर, राजकन्या, सगळे तिच्या एकाच गळ्यातून निघतात. तिचा सगळा जीव त्या गोष्टींत. आणि एक दिवस संपादकांचा फोन आला, "ताई, हल्ली आवाज जड येतोय. राजकन्या पेंगल्यासारखी वाटते. असंच राहिलं तर मालिका दुसऱ्या कोणाला तरी द्यावी लागेल."

घरी हेडफोन लावून ऐकलं तर आवाज स्वच्छ. त्यावरून मावशीनं काय निदान काढलं, तर घशाबरोबर आपले कानही गेले! झालं. थंड बंद, आंबट बंद, तळलेलं बंद. गुळण्या आणि वाफारे सुरू. आवाज जपायचा म्हणून घरात बोलणंही जवळजवळ बंद.

"वय झालं की व्हायचंच," मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, सोफ्यावरून म्हणायचे. "पण घर कसं शांत झालंय!"

असल्या माणसाला रोज हातात आयता चहा मिळतो, याची मला शिसारी येते.

मी तिची एक फाइल माझ्या फोनवर घेऊन ऐकली. ती मावशी नव्हतीच, कोणीतरी झोपाळू बाई होती. घरच्या कॉम्प्युटरवर ठणठणीत आणि बाहेर पडला की आजारी, असा घसा कुठे असतो का? म्हणून रेकॉर्डिंगच्या वेळी तिच्या शेजारी जाऊन बसले.

माइकची वायर एका डबीत जाते आणि ती डबी कॉम्प्युटरला जोडलेली असते. तिला ऑडिओ इंटरफेस म्हणतात. एका सेकंदात आवाजाचे किती तुकडे पाडायचे, तो आकडा म्हणजे सॅम्पल रेट. मावशीच्या प्रोग्रॅममध्ये तो होता चव्वेचाळीस हजार शंभर. डबीच्या सेटिंगमध्ये मात्र अठ्ठेचाळीस हजार. डबी जास्त तुकडे पाडत होती आणि प्रोग्रॅम फाइलवर कमीचा शिक्का मारत होता. घरी ऐकताना डबी त्याच वेगानं धावायची, म्हणून सगळं ठीक. संपादकांकडे तीच फाइल शिक्क्याप्रमाणे हळू चालायची आणि आवाज जाडा व्हायचा.

मी आकडा नीट केला. दुपारी काका कॉम्प्युटरवर व्हिडिओ बघून गेले, आणि परत अठ्ठेचाळीस! त्यांनी हौसेनं आणलेले मोठे स्पीकर त्याच डबीला जोडले होते. त्यांचा व्हिडिओ लागला की डबी त्याचा आकडा धरायची, आणि हे महाशय तो तसाच उघडा टाकून उठायचे. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, आणि गुळण्या करत होती बिचारी मावशी!

"काका, मावशीच्या घशाला काहीही झालेलं नाही. तुमचे व्हिडिओ नडले."

"मग आधी सांगायचं ना मला!"

त्यांच्या व्हिडिओंचा आवाज मी कॉम्प्युटरच्या आतल्या स्पीकरवर वळवला आणि डबी फक्त मावशीसाठी ठेवली. यावर त्यांचं म्हणणं, "त्या एवढ्याशा स्पीकरवर मजा येत नाही गं." लाज कशाशी खातात, ते या माणसाला ठाऊकच नाही.

जुन्या फाइलींवरचा आकडा दुरुस्त करून त्या पाठवल्या. संपादकांचा लगेच फोन आला, आवाज पहिल्यासारखा झालाय, मालिका तुमचीच. मला वाटलं, आता मावशी फ्रिज उघडून गार पाण्याची बाटली तोंडाला लावेल.

तिनं कोमट पाण्याचा पेला घेतला. खाकरली. मग खोलीच्या दारातून विचारलं, "अहो, माझा आवाज बरा आहे ना?"

काकांनी मान वर केली नाही. "वयाच्या मानानं बरा आहे."

"बघ," मावशी मला म्हणाली, "बरा आहे म्हणाले." आणि तिनं समाधानानं दार लावून घेतलं.