कलातची भाभी

आम्ही भिलाईत क्वार्टरात राहायला आलो तेव्हा पोलाद कारखान्याची पहिली भट्टी अजून उभी व्हायची होती. शेजारच्या भाभी बलुचिस्तानातल्या कलातच्या. हिंदू, पण घरात बोलत बलोची. फाळणीत त्यांना नवऱ्यासकट एका बलोच मेंढपाळानं घरात लपवलं आणि मग उंटावरून क्वेट्ट्याच्या स्टेशनापर्यंत पोचवलं. त्याला त्या भाऊ म्हणत.

त्या वर्षी बातमी आली, कलातमध्ये पाकिस्तानी फौज शिरली, माणसं बंदुका घेऊन डोंगरात गेली. भाभी रोज दुपारी आमच्याकडे येऊन रेडिओवर पलीकडचं स्टेशन लावायला सांगत. खरखरीतून एखाद्या गावाचं नाव ऐकू आलं की पदर तोंडात कोंबत. मी उठून खिडकी लावून घेई. शेजारपाजारचे लोक ऐकतच होते.

एक दिवस हे साइटवरून आले ते चिडूनच.

"पाकिस्तानचं स्टेशन कावून लावून राहिली तू? माही नोकरी पक्की नाही अजून. पोलीस आले तं काय सांगू?"

"भाभीचा भाऊ आहे तिकडं."

"मुसलमान?"

"हो. त्यानंच वाचवलं तिले."

ह्यांनी स्वतःच रेडिओ उचलून आतल्या खोलीत ठेवला. "आवाज बारीक ठेवत जा."

पुढे भाभींचे दीर मुंबईहून आले. त्यांना तिथं एका बलोच खलाशाकडून कळलं होतं. डोंगरातली माणसं फौजेनं घेतलेल्या कुराणाच्या शपथेवर विश्वासून खाली उतरली, तरी त्यांना धरलं, काहींना फाशी दिलं. भावानं तर बंदूक हातात घेतली नव्हती. त्याला बाजारातून ट्रकमध्ये घालून नेलं. कुठं, ते कोणी सांगेना. त्याची बायको तुरुंगाच्या दारावर गेली, तिला हाकलून दिलं.

"बेटी, मी रडू की नको?" भाभींनी मला विचारलं.

भाऊबीजेला माझा भाऊ काही येऊ शकला नाही, म्हणून मी अंगणात चंद्राला ओवाळत होते. भाभी जवळ आल्या.

"गेलेल्यासाठी करतात हे?"

"नाही. जित्या भावासाठीच."

त्यांनी माझ्या हातून ताट घेतलं. त्यांनी चंद्राला ओवाळलं, ताट खालून मीही धरून राहिले.

पोलीस काही आले नाहीत. ह्यांची नोकरी पक्की झाली. भावाची मात्र खबर कधीच आली नाही. एकदा भाभींचे यजमान म्हणाले, "आता गेला असं समज."

भाभी ताडकन उठल्या. "कोणी पाहिलं?"